संघ बदलून मिळेल, शुक्रवारी पाचपर्यंत

सदर व्यक्ती स्त्री असून वय वर्षे अठ्ठेचाळीस, हुद्दा वरिष्ठ लिपिक, बस आगाराचा ड्यूटी विभाग. आगारातील एकशे बारा चालकांपैकी कोणी, कोणती गाडी, किती वाजता बाहेर काढायची हे ठरवण्याचे संपूर्ण अधिकार तिच्याकडे आहेत. चालकांच्या पाठदुखीचा, तसेच दरवर्षी नव्याने लग्न होणाऱ्या एकाच मेव्हण्याचा तिचा अभ्यास सखोल असून तिने नाकारलेली रजा वरिष्ठांनाही मंजूर करता येत नाही. आगाराच्या फँटसी फुटबॉल लीगची ती सहा वर्षांपासून सन्माननीय सदस्य आहे. गेली दोन वर्षं ती आठांत आठवी आली.

खेळ सोपा आहे. खरे खेळाडू खऱ्या मैदानावर धावतात आणि इकडे आठ जण पाळीपाळीने त्यांची कागदावर वाटणी करून घेतात. या वाटणीला ड्राफ्ट म्हणतात. एकाने उचललेला खेळाडू दुसऱ्याला मिळत नाही. शनिवारी त्याने गोल केला की ज्याच्या कागदावर त्याचं नाव, त्याला गुण. लागोपाठ तीन वर्षं शेवटचा येईल त्याची जागा जाते, आणि ती आपल्याला मिळावी म्हणून तिकीट खिडकीवरचे एक गृहस्थ दोन वर्षांपासून तयारीत आहेत. हल्ली ते बाईंची तब्येत फार आपुलकीने विचारतात.

लीग स्थापन करणाऱ्यांना दयामाया नव्हती असं नाही. आदल्या वर्षी शेवटी आलेल्याला ड्राफ्टनंतरच्या शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत आपला अख्खा संघ दुसऱ्या कोणाच्याही अख्ख्या संघाशी बदलून घेता येतो. समोरच्याला नाही म्हणता येत नाही. मागच्या वर्षी बाईंनी हा हक्क वापरून फोरमनचा संघ उचलला होता. तो घेऊन त्या शेवटच्या आल्या.

यंदाचा ड्राफ्ट मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत वर्कशॉपमध्ये झाला. फोरमनला अखेर तो लाल केसांचा स्ट्रायकर मिळाला, ज्याच्यासाठी तो तीन वर्षं झुरत होता. त्याने अशी आरोळी ठोकली की बाहेर उभ्या बसमधले दोन प्रवासी खाली उतरले. बाईंनी मात्र अशी माणसं निवडली, ज्यांची नावं त्यांच्या घरच्यांनाही आठवून सांगावी लागत असतील. एका क्लबचा गोलकीपर घेतला आणि पुढच्या पाळीत त्याच क्लबचा राखीव गोलकीपर.

"अहो बाई, एक खेळला तर दुसरा बसणार ना!" फोरमन म्हणाला.

"आणि एक बसला तर दुसरा खेळणार ना!"

"हा संघ आहे का सुट्टीच्या दिवसाचा ड्यूटी चार्ट?" हे बोलला तो सात नंबरच्या मार्गावरचा चालक. त्याला सगळे हँडब्रेक म्हणत, कारण कोणतीही चर्चा तो मध्येच थांबवू शकत असे. वर्कशॉप हसून हसून बेजार झालं.

मग कोणाच्या तरी लक्षात शुक्रवार आला, आणि हसू विरलं.

बुधवारी सकाळी फोरमन स्वतःच्या हाताने चहा घेऊन बाईंच्या खिडकीशी हजर. "काल उगाच हसलो हो. घरी जाऊन नीट बघितलं. तुमचा बचाव म्हणजे भिंत आहे."

"आणि तुमचा लाल केसवाला?"

"त्याचा गुडघा बघितलात का? माझ्या सासूबाईंचा बरा."

हँडब्रेक दुपारी आला. त्याच्या कॅप्टनचं म्हणे बायकोशी पटत नव्हतं. "घरात अशी धुसफूस असली ना बाई, की पाय चालत नाहीत. अनुभवाने सांगतो."

गुरुवारपर्यंत आगारातल्या सात संघांची प्रकृती इतकी खालावली, की निरोगी असा एकच संघ उरला आणि तो बाईंचा होता.

बाईंनी यातलं अक्षरही मनावर घेतलं नाही. त्यांना वेळच नव्हता. मोठ्या कागदावर त्यांनी आठही संघ मांडले, समोर हंगामाचे सगळे आठवडे आखले आणि एकेका खेळाडूची गैरहजेरी लाल पेन्सिलीने भरायला घेतली. कोण दुखापतीत, कोणावर बंदी, कोण आपल्या देशाच्या संघाकडून खेळायला जाणार. गुरुवारी संध्याकाळी हा कागद जेवणाच्या टेबलावर आला आणि ताटं कडेला गेली.

"अहो, डिसेंबर बघा!" बाई नवऱ्याला म्हणाल्या. त्यांचे कान लाल झाले होते.

"चार महिने आहेत अजून. जेव आधी."

"तेच तर! फोरमनचे सहा जण पाच आठवडे देशाकडून खेळणार. सहा, एकदम! मागच्या वर्षी मला तिथेच मार बसला. एका आठवड्यात सहा चालकांना मी अशी रजा दिली असती तर मला घरी बसवलं असतं!"

"आणि तुझे?"

"माझ्यांना कोणता देश बोलावतोय?" बाई अभिमानाने म्हणाल्या.

नवऱ्याने एक घास खाल्ला, कागदाकडे पाहिलं आणि नवऱ्यांनी विचारू नये असा प्रश्न विचारला. "पण गोल कोण करणार?"

बाईंनी बेरीज केली. मागच्या हंगामात त्यांच्या अख्ख्या संघाचे मिळून एकोणीस गोल होते. लाल केसवाल्याचे एकट्याचे चोवीस. त्यांनी बेरीज वरून खाली केली, मग खालून वर केली. एकोणीसच. तिकीट खिडकीवरचे गृहस्थ डोळ्यांपुढे येऊन गेले.

"मग बदलून टाक की," नवरा म्हणाला. बाई पुन्हा डिसेंबर बघत बसल्या.

शुक्रवारी पाचला दहा मिनिटं कमी असताना त्या कागदाची गुंडाळी घेऊन वर्कशॉपमध्ये शिरल्या. मागोमाग हँडब्रेक आणि बाकीची लीग. फोरमनचे फक्त बूट दिसत होते.

"बाई, मी गाडीखाली आहे!"

"तिथूनच ऐका. मी संघ बदलत नाही. कोणाशीच नाही."

पाना चालायचा थांबला. फोरमन सरपटत बाहेर आला, ग्रीसने माखलेल्या हाताने त्याने बाईंचा हात धरला आणि गदागदा हलवला. अर्धं मिनिट तो अत्यंत सुखी होता. मग त्याच्या कपाळावर आठी पडली.

"पण का?"

"म्हणजे?"

"माझ्या संघात खोट काय काढलीत तुम्ही?"

बाईंनी बॉनेटवर कागद पसरला. त्या झपाट्याने बोलत गेल्या, बोट आठवड्यांवरून धावत गेलं, आवाज चढत गेला. अठ्ठेचाळीस वर्षांच्या बाईला एवढी मजा येताना त्या वर्कशॉपने पाहिलं नव्हतं. फोरमन मात्र डिसेंबरावर अडकला.

"हे सहाही जातील?"

"सहाही."

तो घड्याळाकडे न बघता म्हणाला, "मग बदला ना, बाई. नियमात बसतंय. मी हरकत घेणार नाही."

"पाच वाजून दोन मिनिटं," हँडब्रेक म्हणाला.

शनिवारी लाल केसवाल्याने तीन गोल मारले आणि फोरमन पहिला आला. सोमवारी चहाच्या वेळी तो वही घेऊन बाईंच्या खिडकीशी उभा होता, डिसेंबरात कोण मोकळं असेल ते विचारत. त्याच्यामागे आणखी चौघे रांगेत होते. बाई उभ्या राहूनच सांगत होत्या, कारण बसून सांगण्यासारखं ते नव्हतंच. राखीव गोलकीपर सोडला तर त्यांचे अकराही जण पूर्ण नव्वद मिनिटं मैदानावर होते.

त्यांचा संघ सातवा आला होता.