मीठ-मोहऱ्यांची मूठ

शेजारची प्रिया सकाळी तापाने फणफणलेली लेक कडेवर घेऊन आली. "काकू, जरा दृष्ट काढा ना हिची." मी मीठ-मोहऱ्या मुठीत घेतल्या. घामाने मीठ तळव्याला चिकटलं आणि मी पंधरा वर्षं मागे, डोंबिवलीतल्या हॉस्पिटलच्या त्या वॉर्डात जाऊन पोचले.

माझी सई पाच वर्षांची होती. व्हायरल ताप आलेला. ठाकुर्लीच्या आमच्या चाळीत जो येई तो म्हणे, "पाणी पाज गं तिला भरपूर." ती उलटी करायची आणि मी पुन्हा उकळून गार केलेलं नुसतं पाणी पाजायचे. तिसऱ्या दिवशी ती मला ओळखेना, तेव्हा अॅडमिट केलं.

सासूबाई पदराच्या गाठीत मीठ-मोहऱ्या घेऊन आल्या. सईवरून ओवाळून त्यांनी मूठ माझ्याकडे दिली. वॉर्डात विस्तव कुठला? मी ती बेसिनमध्ये टाकून नळ सोडला. मीठ क्षणात विरघळलं, मोहऱ्या तेवढ्या जाळीवर राहिल्या. वळून पाहिलं तर सईला झटके येत होते.

"रक्तातलं मीठ फारच कमी झालंय. उलट्यांत गेलं, उरलेलं नुसत्या पाण्याने पातळ झालं," रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले. संध्याकाळी सई गेली. "अशा आजारात होतं असं. तुमची चूक नाही, ताई," असंही ते म्हणाले.

प्रियाला म्हटलं, "दृष्ट राहू दे, आधी डॉक्टरकडे चल." मूठ मात्र माझी उघडेना.

अॅडमिट करण्याआधी घरी दिलेली नुसत्या पाण्याची ती शेवटची वाटी सईला नको होती. मी म्हटलं, "आईसाठी एवढी." माझ्यासाठी तिने ती संपवली.