वेंझूच्या होडीतला लाल झेंडा

वेंझूच्या लेखी जगात माणसं दोनच प्रकारची: लाल मंडळाची, आणि निळा कचरा. माल्टा देशातल्या त्याच्या गावात संतांच्या सणाला बँड वाजवणारी मंडळं दोनच, आणि हा पठ्ठ्या जन्मापासून लाल. त्यात सरकारने त्याला समोरच्या राखीव बेटाचा राखणदार केलं. मग काय विचारता! तो बिल्ला लावूनच झोपत असावा.

बेट म्हणजे उन्हात भाजलेला खडक, पण तिथले काळे सरडे जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. वेंझूचा त्यांच्यावर खरोखर जीव होता, एवढं मात्र कबूल करायला हवं. गेल्या वर्षी त्याने दोनशे मोजले होते. यंदा नऊ. आणि कपारींत उंदरांच्या लेंड्या.

वेंझूने डोक्याला मुळीच त्रास दिला नाही. उन्हाळ्यात निळ्यांच्या सहलीची होडी तिथे नांगर टाकते, तेव्हा उंदीर त्यांनीच आणले. निळ्यांना बेटबंदी करा, असा अर्ज त्याने ठोकून दिला. चौकशीला रोमिल्दाबाई नावाच्या अधिकारी आल्या, निळ्यांचा म्होरक्या सावेरही आला. धक्क्यावर उभं राहून वेंझू तासभर निळ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत राहिला.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि बेट बघायला वेंझूच्या होडीत बसल्या. जीवरक्षक जॅकेट कुठे आहे, त्यांनी विचारलं. बोलणं न थांबवता त्याने पुढच्या कप्प्याकडे बोट दाखवलं.

बाईंनी झाकण उचललं. आत सणापासून हरवलेला वेंझूचा लाल झेंडा होता, कुरतडून चिंध्या झालेला. त्या चिंध्यांत उंदराची सहा गुलाबी पिल्लं वळवळत होती.

सावेर हसला नाही, तेच वेंझूला जास्त झोंबलं.

"रंग तरी नीट बघायचास, वेंझूदादा," तो म्हणाला.

बंदी आलीच, पण वेंझूच्या होडीवर. बेटावर उंदरांसाठी विषाच्या पेट्या मात्र दर आठवड्याला ठेवाव्या लागतात, आणि ते काम राखणदाराचं. म्हणून आता तो सावेरच्या होडीतून जातो, निळ्या झेंड्याखाली अंग चोरून. सावेर त्याला तेल-टोमॅटो लावलेला पाव देतो आणि बजावतो, "तुकडे सांडू नकोस हं." वेंझू मांडीवरचा कण न् कण टिपून खातो.

परवा परतताना सावेरने विचारलं, किती सरडे दिसले?

"नऊच आहेत," वेंझू पाण्याकडे बघत म्हणाला.

त्याला एकही दिसला नव्हता.