फेकलेल्या पुड्याचा जबाब

बिड्या वळायच्या तेंदूपानाच्या धंद्यात मी हमालीपासून वर आलो. भाव ठरवताना मी सहसा हरत नाही, पण चारचौघांत उभं राहून बोलायचं म्हटलं की माझा आवाज आपोआप चढायचा. आरमोरीच्या पलीकडच्या जंगलातल्या एका गावाची पानं मी चार हंगाम घेतली. तिथे सौदा ग्रामसभा करते. व्यापाऱ्याने सगळ्या गावापुढे उभं राहून आपलं म्हणणं मांडायचं, मग गाव ठरवणार.

चौथ्या हंगामात पानं मोजून घेताना मी एका बाईचा पानांचा पुडा उचलून फेकला आणि हा काय पाला आणला म्हणून ओरडलो. पुढच्या वर्षी गावाने मला बोलूच दिलं नाही. पानं दुसऱ्याला गेली. हा अन्याय माझ्या मनातून जाईना, कारण पान खरंच खराब होतं, आणि ते एकानेही कबूल केलं नव्हतं.

बोलता येत नाही म्हणून गाव गेलं, असं मी ठरवलं आणि नागपूरला दोन दिवसांचा भाषणाचा वर्ग केला. फी देतानाही घासाघीस केली. हसतमुख राहा, हात मोकळे ठेवा, सुरुवात विनोदाने करा, असं तिथे शिकवलं. पंधरा दिवस आरशापुढे सराव केला. मग ओळखीच्या लोकांकरवी विनवण्या करून यंदाच्या सभेत उभं राहायची परवानगी मिळवली.

माझा विनोद अस्वलावर होता. पानं तोडायला जाणाऱ्या माणसांपुढे अस्वलाचा विनोद करू नये, हे वर्गात कोणी सांगितलं नव्हतं. कोणी हसलं नाही. मी वीस मिनिटं बोललो आणि बसलो.

मग तीच बाई उठली.

उठल्यावर तिने लगेच सुरुवात केली नाही. पदर नीट केला, रडणारं एक लेकरू शांत होईपर्यंत थांबली. मग इतक्या हळू बोलू लागली की ऐकण्यासाठी सगळेच पुढे झुकले. मागे बसलेला एक म्हातारा बिडी विझवून जवळ सरकला. उजाडायच्या आधी जंगलात कसं शिरावं लागतं, अस्वल आहे का याचा कानोसा घेत पान कसं खुडतात, सत्तर पानांचा पुडा बांधताना बोटं कशी काळी पडतात, एवढंच ती सांगत होती. माइक नाही, हातवारे नाहीत. मी जन्मभर पानं विकत घेतली, पण पान म्हणजे काय ते त्या दिवशी ऐकलं.

शेवटी ती माझ्याकडे वळली.

"भाऊ, पान खराब होतं. माह्याच हातचं होतं, मले मालूम आहे. पण तुमी फेकलं काऊन?"

दोन वर्षं मी ज्या एका वाक्यासाठी जळत होतो, ते तिने मला असंच देऊन टाकलं. आता भांडायला काही उरलंच नाही. मी उभा राहिलो. हातांचं काय करायचं ते आठवलं नाही.

"बाई, पान खराब म्हणून नाई फेकलं. सकाळी गिऱ्हाइकानं मले झापलं होतं. तो राग तुमच्यावर काढला. चुकलो."

एवढंच बोललो. आपसात ठरवायला माणसं एका मोहाच्या झाडाखाली गेली, बाया दुसऱ्या झाडाखाली. अशा वेळी मधे तोंड घालायची माझी जुनी खोड, पण मी जागचा हललो नाही.

बऱ्याच वेळाने सगळे परतले. निरोप सांगायला तिलाच पुढे केलं होतं. पानं माझी, पण एका अटीवर: हंगामभर रोज संध्याकाळी मी स्वतः यायचं, आणि जो पुडा नाकारीन तो का नाकारला, हे सगळ्यांपुढे उभं राहून सांगायचं, आवाज न चढवता.

मी म्हणालो, रोज नाही जमणार, एक दिवसाआड येतो.

त्या दिवशी पहिल्यांदा सगळं गाव हसलं. म्हातारा म्हणाला, "इथी बी भाव करून राह्यला."

बाई हसली नाही. "रोज," ती म्हणाली.

मी हो म्हटलं.