पाण्यासोबत जायचं होतं

होडी सुटायला तास-सव्वा तास उशीर झाला आणि तेवढ्या वेळात मी धक्क्यावर किती फेऱ्या मारल्या, देव जाणे. नायगाव वैतागून म्हणाला, "आरं बस की एका जाग्याला. समुद्र काय पळून चालला का?"  मुरुड पाठीला बांधायच्या हवेच्या सिलिंडरांच्या शेजारी मांडी घालून बसला होता, दुकानातल्या गादीवर बसतो तसाच, आणि घरून आणलेली धपाटी होडीवाल्या म्हाताऱ्याला आग्रहानं खाऊ घालत होता.

नायगाव आणि मुरुड ही माणसं आहेत. विष्णुपुरीला इंजिनिअरिंग करताना आम्ही तिघं एका खोलीत राहायचो, आणि हॉस्टेलवर ज्याचं जे गाव तेच त्याचं नाव. मी नांदेड. नायगाव आता ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवतो. मुरुड पदवी घेऊन गावी गेला आणि वडिलांच्या भुसार दुकानात बसला तो आजतागायत. मी सोलर पंप बसवत तीन जिल्हे हिंडतो. माझं बूड कुठं टेकत नाही, जेवतानासुद्धा अर्धा उभा असतो, असं बायको म्हणते. 'उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग' ही म्हण ती माझ्यावर इतक्या वेळा वापरते की मुलीला वाटतं ती आमच्या लग्नावरूनच निघाली.

समुद्रात बुडी मारायचं खूळ अर्थात माझंच. आदल्या वर्षी या दोघांना ओढत आणून मी इथंच, मुरुडेश्वराच्या किनाऱ्यावर, चार दिवसांचं शिक्षण घ्यायला लावलं होतं. गोदावरीच्या हिरव्या-गढूळ पाण्यात पोहणं शिकलेल्या माणसाला छातीभर पाण्यात स्वतःची नखं दिसली की तो येडाच होतो. तेव्हा परत जाताना गाडीत मी पुढच्या वर्षीचं ठरवूनही टाकलं. मुरुडनं दोन्ही वेळा घरी एवढंच सांगितलं, "मुरुडेश्वराला जाऊन येतो." त्यांचं घर महादेवाचं. देवाचं नाव काढल्यावर तिथं कुणी पुढं विचारत नाही.

होडी नेत्राणी बेटापाशी पोचली तेव्हा ऊन चांगलं चढलं होतं. आमचा गाईड कारवारकडचा, तिशीतला, मराठी नीट बोलायचा. त्यानं पाण्यात थुंकून पाहिलं, थुंकी कुठं जाते ते बघितलं आणि म्हणाला, "आज ओढ आहे. मग आज पोहायचं नाही. पाणी नेईल तसं जायचं. बेटाच्या या टोकाला उतरायचं, त्या टोकाला वर यायचं. कशाला धरायचं नाही, कुठं थांबायचं नाही. माझ्या हातात दोरी आणि दोरीला वर फुगा, होडी त्या फुग्यामागून येणार." मग जोड्या लावल्या. तो आणि नायगाव पुढं, मी आणि मुरुड मागं. "जोडीदार हाताच्या अंतरावर पाहिजे. दिसेना झाला तर एक मिनिट शोधायचं आणि सावकाश वर यायचं. समजलं?"

मी मान हलवली. माझं लक्ष पाण्याकडं होतं.

खाली गेल्यावर पहिली काही मिनिटं मला स्वतःचाच हेवा वाटला. काही न करता माणूस पुढं चालला आहे, हा अनुभव मला आयुष्यात ठाऊक नव्हता. खडक येत होते आणि मागं जात होते, पिवळ्या माशांचा एक थवा आमच्याच वेगानं चालला होता. मुरुड माझ्या उजव्या हाताला, पोटावर हात बांधून, सभेला बसल्यासारखा. मी त्याला अंगठा-तर्जनीचं कडं करून विचारलं, ठीक? त्यानं तसंच कडं केलं.

मग मला कासव दिसलं.

चांगलं परातीएवढं होतं. आमच्या पुढून, खडकाच्या कडेनं, आरामात चाललं होतं. पाणी नेतच होतं, पण मला ते पुरेना. मी पाय मारायला लागलो. पोहायचं नाही असं सांगितलं होतं, हे आठवतही होतं, पण दोन पाय मारले की ते आणखी जवळ दिसायचं, म्हणून आणखी दोन. त्याची मान दिसली, मानेवरच्या सुरकुत्या दिसल्या. नंतर त्यानं एक वळण घेतलं आणि खोल निळ्यात नाहीसं झालं. पुढं गाईड आणि नायगाव दिसत होते. गाईडनं मागं वळून हातानं विचारलं, ठीक?

मी कडं करून दाखवलं. ठीक.

त्यानं माझं एकट्याचं विचारलं नव्हतं, आमच्या जोडीचं विचारलं होतं. पाणी जरा धुरकट होतं, त्याला माझ्या मागचं दिसणार नव्हतं, तो माझ्यावर विसंबून होता. हे सगळं मला नंतर कळलं. त्या क्षणी मी माझ्यापुरतं उत्तर दिलं आणि कासव पुन्हा दिसतंय का, ते बघू लागलो. असं मी त्याला आणखी दोनदा उत्तर दिलं.

वर आलो तेव्हा होडी फुग्याशेजारीच उभी होती. नायगाव शिडीवरून चढला, मी चढलो. मास्क काढून मी कासवाचं सांगायला सुरुवातसुद्धा केली. गाईड अजून पाण्यातच होता. तो शिडीला धरून म्हणाला, "तिसरे कुठं आहेत?"

तोंडचं पाणी पळणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. चहूकडं समुद्र आणि जीभ टाळ्याला चिकटलेली.

गाईड झरझर वर आला. त्याचा आवाज मुळीच चढला नाही. त्यानं विचारलं, "शेवटचं कुठं पाहिलं त्यांना?"

मी बेटाकडं पाहिलं. एका कड्यावर पक्ष्यांच्या विष्ठेचे पांढरे ओघळ होते, म्हणून तोच कडा तेवढा ओळखीचा वाटला. मी बोट दाखवलं. "तिथं. त्या पांढऱ्या कड्यापाशी."

होडी तिकडं निघाली. गाईड पुन्हा पाण्यात उतरला, वर आला, पुन्हा उतरला. म्हातारा हळूहळू घिरट्या घालत होता. नायगाव टपावर चढून हाका मारत होता, "मुरुड! ए मुरुड!" एखाद्यानं ऐकलं असतं तर म्हणाला असता, हा लातूर जिल्ह्यातल्या गावाला इथून हाका का मारून राहिला. मी होडीच्या एका बाजूनं दुसऱ्या बाजूला धावत होतो. होडी लहान, त्यामुळे धावणं म्हणजे चार पावलं. म्हातारा ओरडला, "बैठो! नाव हिलती है!" मी बसलो आणि लगेच उठलो.

पंधराएक मिनिटं गेली असतील. गाईड तिसऱ्यांदा वर आला आणि शिडीला धरून धापा टाकत माझ्याकडं बघत राहिला. "नक्की इथंच ना? त्याच्या सिलिंडरात आता फार हवा नसणार. नक्की सांगा."

आणि मला ते पेलवेना.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "मी कासवामागं गेलो होतो. मागं वळून पाहिलंच नाही. कुठं सुटला, मला माहीत नाही."

नायगाव टपावरून खाली उतरला. त्यानं मला शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. त्यानं फक्त माझ्याकडं पाहिलं, खोटं गणित मांडणाऱ्या पोराकडं बघावं तसं, आणि म्हाताऱ्याला हिंदीत म्हणाला, "चाचा, इनको कुछ मालूम नहीं है. आप देखो."

म्हाताऱ्यानं होडी थेट जिथं आम्ही उड्या मारल्या होत्या त्या टोकाला नेली. तिथं इंजिन मंद केलं. डिझेलचा एक रिकामा प्लास्टिकचा कॅन घेतला, त्यात थोडं पाणी भरून झाकण लावलं आणि कॅन पाण्यात सोडला. तो अर्धा बुडून तरंगायला लागला. म्हातारा त्याच्याकडं बोट दाखवून म्हणाला, "ये जाएगा, वो भी उधर ही गया होगा."

मग आम्ही त्या कॅनच्या मागं निघालो.

माझ्या आयुष्यात तेवढा सावकाश प्रवास मी कधी केला नाही. कॅन जरा हलायचा, थांबल्यासारखा व्हायचा, गोल फिरायचा. मी म्हाताऱ्याला दोनदा म्हणालो, चाचा जल्दी करो. त्यानं इंजिनाचा वेग तसाच ठेवला. कॅन बेटाच्या कडेकडेनं जाईल असं मला वाटत होतं, पण एव्हाना ओढीची दिशा बदलली होती; अर्ध्या वाटेत तो वळला आणि मोकळ्या समुद्राकडं निघाला, जिकडं आम्ही कुणी एकदाही पाहिलं नव्हतं. मी दोन्ही हातांनी फळी धरून ठेवली होती. मनात देवाचं नाव घ्यावं तर आठवेना. सारखं एवढंच येत होतं की मुरुडच्या घरी जाऊन मी पहिलं वाक्य कोणतं बोलणार. दारात त्याची बायको येईल, भाऊजी बसा म्हणेल, आणि मग मी काय बोलणार.

"त्ये बघा!" नायगाव ओरडला.

आधी काळा ठिपका, मग हात. अंगातल्या जॅकेटात हवा भरून मुरुड उताणा तरंगत होता आणि दमादमानं शिट्टी वाजवत होता. वारा आमच्याकडून त्याच्याकडं वाहत होता, म्हणून शिट्टी अगदी जवळ जाईपर्यंत ऐकू आली नाही. गाईडनं आणि नायगावनं त्याला वर ओढलं. ओठ निळे पडले होते. तो होडीच्या तळाशी बसला, खारं पाणी ओकला, तोंड पुसलं आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "आलास का."

मला रडू कोसळलं. चाळिशी उलटलेला माणूस, नाक वाहतंय, आणि त्याचे पाय चोळतोय. तो म्हणाला, "आरं गुदगुल्या होतात, सोड."

चहा पोटात गेल्यावर त्यानं सांगितलं. त्याच्या मास्कमध्ये पाणी शिरलं होतं. ते काढायला त्यानं एका खडकाला धरलं. पाणी काढून वर पाहिलं तर मी पुढं चाललेला, लांब. गाईड डोक्याला हात लावून म्हणाला, "अहो, मग सोडून द्यायचं होतं! पाण्यानं आपोआप आणलं असतं यांच्यापर्यंत. नाहीतर मिनिटभरानं वर यायचं होतं. धरून का बसलात?"

मुरुडला त्यात काय चुकलं, ते खरंच कळेना. "चुकामूक झाल्यावर हालायचं न्हाई नव्हं का," तो म्हणाला. "आमचे बाबा सिद्धेश्वराच्या जत्रंत नेताना हेच सांगायचे. हात सुटला तर हाईस तिथंच उभा ऱ्हा, मी येतो. एक बारी रसवंतीपशी दोन घंटे उभा होतो मी. आले की शोधत. आपुन हाललो तर शोधणाऱ्यानं कुठं बघायचं?" खाली तो खडकाला धरून वीसेक मिनिटं थांबला होता. हवेच्या मीटरचा काटा लाल पट्ट्यावर यायला लागला तेव्हा नाइलाजानं त्यानं खडक सोडला आणि वर आला.

 लातूरच्या जत्रेतली शहाणपणाची गोष्ट पंधरा मीटर खोल जीवघेणी कशी होते, हे गाईडला कुणी शिकवलं नव्हतं. नायगावला आणि मला मात्र मुरुडचं म्हणणं लगेच पटलं. माझ्या आईनंही मला तेच सांगितलं होतं. फक्त मी कधी थांबलो नव्हतो, मलाच लोक शोधत फिरायचे.

किनाऱ्यावर आलो, डॉक्टरनं मुरुडची छाती तपासली, कान पाहिले, ठीक आहे म्हणाला. नायगाव गाडीत जाऊन झोपला. जाण्याआधी मला बाजूला घेऊन म्हणाला, "त्याला काय बी सांगत बसू नको. जित्ता हाय, बास." मी आणि मुरुड एका टपरीबाहेर बाकावर बसलो. मुरुडच्या बायकोचा फोन आला.

"हाव, हाव. दर्शन? आता जाऊन राहिलो. न्हाई, गर्दी न्हाई... नांदेड? हाय की. हे काय, बाजूलाच बसलाय."

फोन खिशात ठेवून त्यानं समोरच्या देवळाच्या उंच गोपुराकडं पाहिलं. मग सहज, तुरीच्या कालच्या भावाची चौकशी करावी तसं त्यानं विचारलं, "कवा कळलं रं तुला? मी न्हाई म्हून?"

मला 'लगेच' म्हणता आलं असतं. तोंडात तो शब्द तयारही होता. त्याला तेच ऐकायचं होतं असंही नाही. मला खालीच कळलं असणार हे तो धरूनच होता, फक्त केव्हा ते विचारत होता. पण त्या दिवशी एकदा खोटं बोट दाखवून झालं होतं.

"वर आल्यावर," मी म्हणालो. "होडीत चढल्यावर. तेबी मला न्हाई कळलं. गाईडनं विचारलं तवा."

तो माझ्याकडं वळला. रागावला नव्हता. हिशोब लागत नसला की दुकानात त्याच्या कपाळावर जी आठी पडते, तेवढीच पडली.

"म्हंजे," तो म्हणाला, "खाली मी उगंच थांबलो."

 तो उठला, टपरीच्या नळावर पाय धुतले आणि दर्शनाला निघाला. चार पावलं गेल्यावर उभा राहिला, वळून माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "चल की."