जंगलाच्या फाटकाशी पंचफुला

आमच्या महिला भजनी मंडळात टाळ खाली ठेवले की चहा उकळेपर्यंत पंचफुलाचा एखादा किस्सा निघतोच. इतके साठलेत, की आधी कुठला सांगावा हेच कळत नाही. माझ्या नवसापासून सुरू करते.

आमचे मास्तर वर्ध्याला दवाखान्यात होते, तेव्हा मी महादेवाला बोलले, हे घरी आले तर श्रावणात लाख बेलपानं वाहीन. हे आले! पानं आणायचं काम पंचफुलाचं. तिचं घर जंगलावरच चालायचं. सरपण, मोहफूल, तेंदूपत्ता. रोज टोपलंभर बेल यायचा. एक दिवस अर्धंच टोपलं आलं. विचारलं तर म्हणाली, "मास्तरीणबाई, झाड पार नागडं झालं. महादेवाचं एका पानानं भागत नाई का?"

त्या दिवसापासून मी एकच पान वाहते. महादेवाची काही तक्रार नाही.

*

मग जंगलात वाघीण आली आणि वाटेवर जंगलखात्याचं फाटक लागलं. तिथल्या गार्ड मॅडम वयानं पंचफुलाच्या लेकीएवढ्या. त्यांनी तिची मोळी उतरवून घेतली आणि समजावलं, की जंगल राहिलं तर नाल्याला पाणी राहील, म्हणजे गावाचंच भलं. पंचफुलानं सगळं नीट ऐकलं.

"पटलं, पोरी. पण आज चुलीत काय घालू, ते बी सांग."

मॅडमनी मोळी ठेवून घेतली, विळा तेवढा परत दिला.

*

सरपणाऐवजी गॅस मिळाला. पहिलं सिलिंडर संपलं, दुसरं काही तिला परवडेना. रिकामं सिलिंडर मात्र हळदकुंकू लावून कोपऱ्यात उभं. आमच्यातली एक म्हणाली, अगं, गॅस असून तू काट्याकुट्या काऊन फुंकतेस? तर म्हणते, "पाव्हणा हाये तो. पाव्हण्याले कोणी रोज कामाले लावते का?"

आम्ही खूप हसलो. नंतर कुणाला चहा गोड लागला नाही.

*

थंडीत वाघिणीनं तिची गाय मारली. नवरा नामदेव साधा माणूस, पण त्या दिवशी त्याचं डोकं फिरलं. कपाशीवर फवारायचं औषध घेऊन निघाला. मेलेल्या गाईवर टाकायचं, म्हणजे परत खायला आलेली वाघीण तिथंच संपेल. पंचफुला गाईला टेकून बसली आणि पंचनामा होईपर्यंत उठली नाही.

"माह्या गाईत जहर घालू नोका," एवढंच म्हणत राहिली.

नामदेवानं बाटली परत नेली.

*

चैत्रात मोहफुलं पडू लागली. फाटक चुकवून नामदेव सकाळी फुलं वेचायला गेला. वाकलेला माणूस वाघिणीला माणूस वाटत नाही, असं गार्ड मॅडम नंतर रडत रडत सांगत होत्या.

आम्ही मंडळाच्या बाया तिच्या दारात बसलो होतो. तिची धाकटी जाऊ सगळ्यांदेखत म्हणाली, "त्या दिवशी औषध टाकू देल्लं असतं, तर माहा भासरा जिता असता."

 मी पंचफुलाचा हात धरला. ओठांवर देवाचं नावही येईना.

*

पंधरा दिवसांनी जंगलखात्यानं वाघीण बेशुद्ध करून धरली. सारं गाव लोटलं. दोरीच्या अलीकडे आम्ही, पलीकडे ताडपत्रीवर ती निजलेली. नामदेवाची बायको म्हणून साहेबांनी पंचफुलाला जवळ बोलावलं. एकटीनं जायची नाही म्हणून मी सोबत गेले. साहेब समजुतीनं म्हणाले, की आता भ्यायचं कारण नाही, फाटक उघडायचं आम्ही बघतो, तुमचं सरपण, मोहफूल सुरू होईल.

पंचफुलाचं तिकडे लक्षच नव्हतं. साऱ्या जन्मात गाई-बकऱ्यांच्या धारा काढलेली बाई ती. वाघिणीच्या पोटाकडे बघून राह्यली होती.

"साहेब, हे तं दुभती हाये. हिचे पिल्लं कोठी हायेत?"

साहेबांना कुणीतरी हाक मारली, ते वळले. वाघिणीला पिंजऱ्यात घालून गाडीत चढवायला घेतलं. पंचफुलानं माझा पदर ओढला.

"मास्तरीणबाई, माहं कोण आयकते? तुमी इचारा ना."

मी गाडीमागे जाऊन विचारलं. परवा पुन्हा विचारून आले. जंगलखात्यातलं कुणी तुमच्या ओळखीचं असेल, तर बायांनो, तुम्हीही एवढं विचारा.