आधी बेरीज, मग बाबी

जिल्हा परिषद शाळेचं वार्षिक मागणीपत्रक भरण्याची आमच्या भागात एक रूढ रीत आहे. आधी बेरीज लिहितात, मग बाबी. पटावर किती मुलं आहेत, त्यावरून अनुदान किती येणार हे मुख्याध्यापकांना माहीत असतं. तो आकडा तळाशी मांडायचा आणि वर खडू, झाडू, वीजबिल, रंगरंगोटी असा वाटून टाकायचा. औसा तालुक्यातली अशी पत्रकं मी बातमीसाठी एकापाठोपाठ एक वाचली होती. मिळतं त्याहून एक रुपयाही जास्त कुठल्याच शाळेला लागत नव्हता.

म्हणून बिलोली तालुक्यात एका मुख्याध्यापिकेनं तळाची चौकट कोरी ठेवल्याचं कळलं, तेव्हा नांदेडहून सकाळची पहिली बस धरली.

शाळा चौथीपर्यंत, शिक्षक दोन, खोल्या दोन. पहिलीत तेलुगू बोलणाऱ्या घरांतली मुलं होती. पाणी मागताना ती ‘नीळ्ळु’ म्हणत. त्यांना मराठी वाचायला शिकवायचं तर कुणीतरी शेजारी बसायला हवं. आदल्या वर्षी अशाच घरांतली तीन मुलं अक्षरओळख न होताच दुसरीत गेली होती. यंदा तसं होऊ द्यायचं नाही, एवढंच मुख्याध्यापिका बाईंनी ठरवलं होतं. पण पत्रक दुसऱ्या दिवशी तालुक्याला द्यायचं होतं. खरी गरज लिहिली तर ते परत येणार आणि हक्काचं अनुदानही लांबणार, अशी भीती होती.

बाईंनी सुरुवात पैशांपासून केलीच नाही. व्हरांड्याच्या फरशीवर खडूनं पहिलीतल्या एका मुलीचं नाव लिहिलं आणि खाली प्रश्न: हिला वर्षाअखेर वाचता यायला काय काय लागतं?

आधी वेळ मोजला. शाळेचे तास घेतले. त्यांतून जेवणाची सुट्टी, ऑनलाइन माहिती भरणं, बैठका वजा केल्या. उरलेला वेळ चार वर्गांत वाटला, मग मुलांत. त्या मुलीच्या वाट्याला दिवसाकाठी जेमतेम पाच मिनिटं शिक्षक येत होता. बाईंनी गणित पुसून पुन्हा केलं. उत्तर तेच आलं.

खिचडी शिजवणाऱ्या मावशी तिथंच तांदूळ निवडत होत्या. “माझं मीठ-मिरची धरलाव का त्यात?”

“ते तर तुम्ही घरून आणता, मावशी.”

“मंग? घरी काय आभाळातून पडतंय?”

बाईंनी मीठ-मिरची लिहिली. तेवढ्यात शाळा समितीचे अध्यक्ष आले. ट्रॅक्टर चालवतात, मुलगी तिसरीत. फरशी वाचून म्हणाले, “पाणी लिव्हा की. दोन वर्षं झाली, माझ्या बोअरवरून पाईप टाकून पाणी देऊन राहिलो.”

“लई उपकार,” मावशी म्हणाल्या. “तुमचीच लेक पिती.”

“एकटीच पिती व्हय?”

तिथून यादी थांबेना. पावसाळ्यात मुलांना नाल्यापलीकडून आणणारे पालक. शौचालय धुणारी बाई. मोबाईलचं रिचार्ज, जे बाई स्वतःच्या पगारातून करत. खडू व्हरांड्याच्या टोकाला पोचला तेव्हा सगळे भिंतीला टेकून उभे होते. पाय ठेवायला जागा नव्हती.

सरकारी अंदाजपत्रकं वाचण्यात माझी सारी नोकरी सरली. मोठमोठ्या रकमांनी कधी काही वाटलं नाही. त्या फरशीसमोर मात्र वहीत काही लिहिता आलं नाही. एका मुलीला ‘कमळ’ वाचता यावं म्हणून अख्खं गाव थोडंथोडं झिजत होतं, ते कुणी मागितलं नव्हतं, कुठं लिहिलंही नव्हतं. आणि तरीही तिच्या वाट्याला पाचच मिनिटं येत होती.

रात्री बाईंनी फरशीवरची यादी, तिसऱ्या शिक्षकाच्या मागणीसह, पत्रकात उतरवली. दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या कार्यालयात कारकुनानं पानं उलटली. “मॅडम, ही आदर्श शाळेची यादी दिसतेय.”

“चालू शाळेची आहे. येऊन बघा.”

“परत येईल हे. सांगून ठेवतो.”

“येऊ द्या. आवक नंबर तेवढा टाका.”

नंबर नसलेला कागद तोंडी परत करता येतो. नंबर पडला की कारण लेखी द्यावं लागतं. हे दोघांनाही ठाऊक होतं. त्यानं माझ्याकडं पाहिलं, बाईंकडं पाहिलं आणि शिक्का उमटवला.

उत्तर यायला दीड महिना लागला. तेवढे दिवस अनुदान अडलं आणि वीजबिल बाईंनी भरलं. तिसरं पद मंजूर करता येत नाही, असं पत्रात होतं. पुढच्या ओळीत, तेलुगू जाणणाऱ्या मदतनीसासाठी स्वतंत्र प्रस्ताव पाठवावा, असंही होतं. बाईंनी ते मला फोनवर सावकाश वाचून दाखवलं. पत्र हाती पडलं त्याच संध्याकाळी गावातल्या बारावी झालेल्या एका सुनेच्या घरी त्या जाऊन आल्या होत्या. माहेर तेलंगणातलं, दोन्ही भाषा येतात. सोमवारपासून येते म्हणाली होती, पगाराचं न विचारता.