शिडी धरणारी

पांढरकवड्याहून यवतमाळला जाणाऱ्या एसटीत ती माझ्या शेजारी होती. पन्नाशीची बाई, पायाशी दुधाची रिकामी कॅन. तिच्या मोबाइलवर एका नटाच्या चाहत्यांवरची डॉक्युमेंटरी मोठ्या आवाजात चालली होती. शिडीवर चढलेला एक जण नटाच्या कटआउटवर दूध ओतत ढसाढसा रडत होता.

"वेडे आहेत सगळे," मी पुटपुटलो. असल्या लोकांचा मला रागच येतो.

तिने व्हिडिओ थांबवला आणि खालच्या कोपऱ्यातल्या दोन हातांवर बोट ठेवलं. "भाऊ, हे हात माहे हायेत. शिडी मीच धरली होती."

मी ओशाळलो. ती हसली.

"आमी एकच तांब्या ओततो वर. बाकी साऱ्या दुधाचा चहा करतो, तिकिटाच्या लाइनीतल्या लोकायसाठी. दर पिक्चरले. थो चहा कुठी दाखवला यायनं? क्यामेरेवाले सोता दोन-दोन कप पेले!"

"मग सांगायचं ना त्यांना."

"सांगतलं. तं म्हने, चहा तं सारेच पेतात."

उतरताना तिने कॅन उचलली. "शुक्रवारी यवतमाळच्या टाकीजले नवा पिक्चर लागून राह्यला. या. चहा प्या, मंग वेडे म्हना."

शुक्रवारी मी खरंच टॉकीजवर गेलो. शिडीवर कोणीतरी चढलं, तसे सगळ्यांचे मोबाइल वर गेले. मी खाली तिला शोधत होतो. तिनेच मला आधी पाहिलं.

"भाऊ, बरे आले! जरा धरा इथं शिडी, तिकडं चहा उतू जाऊन राह्यला."

मी दोन्ही हातांनी शिडी धरली.